आमच्या घरमालकांची लांडगेमाणसं

लांडगेमाणूस पुनवेला बदलतो ही शुद्ध थाप आहे, असं आमचे घरमालक ठामपणे सांगत. "पुनवेला एवढा लख्ख उजेड. त्यात अंगावरची कापडं काढून कोण बदलत बसंल? लांडगा झाला म्हनून काय लाज सोडली व्हय त्यानं?" त्यांच्या मते बदलायची खरी वेळ तिन्हीसांजेची, तीही आषाढातली, डोंगरावरून धुकं खाली उतरलं की. पान लावून तोंडात टाकायला जेवढा वेळ लागतो तेवढ्यात काम उरकतं. आधी कानामागं लव येते, मग नाक गार पडतं आणि सगळ्यात शेवटी गुडघे उलटे फिरतात. "गुडघ्याला जरा कळ लागती," असंही ते सांगत, आणि सांगता सांगता स्वतःचाच गुडघा चोळत.

मी त्यांना काका म्हणत असे. पौडच्या एसटी स्टँडवर उतरून तासभर चाललं की आमचं गाव लागायचं. तिथल्या दोन खोल्यांच्या शाळेत मी मास्तरीण होते. आणीबाणी उठली त्याच्या पुढची ही वर्षं. गंमत अशी की मुळशीत लांडगा नाहीच. आमच्या त्या रानात बिबट्या होता, डुक्कर होतं, तरस होतं. लांडगा सगळा देशावरचा, कोरड्या माळाचा. गावात कुणी जन्मात लांडगा पाहिलेला नव्हता, त्यामुळे काका म्हणतील तो लांडगा. वाघाबद्दल असं काही बोलायची सोय नव्हती. वेशीवर वाघजाईचं देऊळ होतं आणि तिला दरवर्षी नारळ फुटायचा.

लांडगेमाणसांचा एक मुलूखच काकांनी वसवला होता. ताम्हिणीच्या अलीकडं, डाव्या हाताला, दोन डोंगरांच्या बेचक्यात तो आहे म्हणे. जायला पायवाटही आहे, पण ती कुणाला विचारायची नाही. विचारली की वाट जागा बदलते. त्यांचे पणजोबा तिथूनच आले. कशाला आले? तर इकडची एक बाई आवडली म्हणून. लांडगेमाणूस एकदाच जीव लावतो, दुसऱ्यांदा त्याला लावताच येत नाही. हे सांगताना काकी चुलीपुढं असल्या तर काका आवाज जरा चढवत. काकी म्हणायच्या, "व्हय, व्हय. जीव लावलाय म्हनूनच सरपन मला आनावं लागतंय."

पौडचा एक कंपाउंडर होता. आठवड्यातून एकदा सायकलवर गावात यायचा. त्यानं पुण्यात कुठलासा इंग्रजी सिनेमा पाहिलेला. तो एकदा पारावर बसून सांगायला लागला, लांडगेमाणूस चावला की चावलेला माणूसही लांडगा होतो आणि चांदीची गोळी घातली की मरतो. काकांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं. मग म्हणाले, "चावून कुनी लांडगं होत असतं, तर आपन सगळं कवाच डास झालो असतो." आणि चांदीचं काय? "चांदी आमच्या हितं बायकांच्या पायात. पैंजन वाजलं की घाबरतो तो. पर त्ये तर सगळंच नवरं घाबरत्यात, त्याला लांडगं कशाला व्हाया पायजे?" कंपाउंडर पुन्हा सिनेमाचं नाव काढायला धजला नाही.

मी एकदा विचारलं होतं, "काका, तुमच्या मुलखात बायका बदलत नाहीत का हो?"

"बदलत्यात की. पर त्यास्नी फुरसद कुटं?"

छत्रीला लांडगेमाणूस बुजतो. आता सांगा, मुळशीसारख्या ठिकाणी, जिथं चार महिने आभाळ नुसतं ओतत असतं, तिथं छत्रीला बुजून कसं चालेल? काका जन्मभर इरलं पांघरून हिंडले. कुणी समोरून छत्री उघडली की हा पंचावन्नीचा बाप्या खरोखर दोन पावलं मागं सरायचा. लांडगेमाणसाला एकट्यानं जेवता येत नाही, घास पोटात दगड होतो. त्याला चेहरा लक्षात राहत नाही, वास राहतो. शाळेतली पोरं त्यांच्या मागं लागत, "काका, आमचा वास सांगा." मग एकेकाच्या डोक्याचा वास घेऊन काका निकाल देत: "तू शेळ्यांत बसलावतास. तू आंगुळ केली न्हाई. तू आयचा मार खाल्लास." पोरं हैराण! अहो, शेंबूड पुसलेली बाही बघून कुणीही सांगेल कोण रडलंय ते, पण पोरांना कोण समजावणार?

या वासाच्या विद्येमुळेच मला खोली मिळाली. म्हणजे काय झालं, मी बदलीचा कागद आणि लोखंडी ट्रंक घेऊन गावात उतरले तेव्हा पहिल्या दोन घरांनी आडनाव विचारलं. तिसऱ्या घरानं आडनावही विचारलं नाही. ट्रंकेवर मी बुद्धाची तसबीर बांधली होती, काच फुटू नये म्हणून वरच ठेवलेली. ती बघितली आणि खोलीत अचानक कांदे भरलेले निघाले. आमच्या वडिलांनी दीक्षा घेतली त्याला वीस वर्षं होऊन गेलेली, मी डी.एड. झालेली, सरकारी शाळेची शिक्षिका. आणि मी भर उन्हात ट्रंकेवर बसलेले. डोळ्यांत पाणी नव्हतं हं, नुसता संताप होता.

तेवढ्यात हा उंच, किडकिडीत माणूस आला. माझ्याभोवती एक चक्कर मारली आणि चक्क वास घेतला.

"मी काय भाकरी आहे का हुंगायला?" मी ओरडलेच.

"खडू," तो म्हणाला. "राकेल. आन् राग. ऱ्हावा आमच्या हितं."

"आडनाव नाही विचारलंत?"

"लांडगेमानसाला आडनावाचा वास येत न्हाई. लई बगितलं हुंगून. सगळ्यांचा घाम येकच."

असं म्हणून त्यांनी ट्रंक उचलली आणि चालू लागले. गावानं हसून सोडून दिलं. येडं हाय, लांडगं हाय, त्याला काय कळतंय! मला राहायला जागा मिळाली ती अशी, एका माणसाच्या वेडाच्या वळचणीला.

पुढं घरात काय काय होत गेलं तेही याच पद्धतीनं. काकी वाईट नव्हत्या, पण पहिल्या आठवड्यात माझ्या चहाचा कप वेगळा, खिडकीच्या कोनाड्यात. मी बघितला आणि चहा कडू लागायला लागला. दोन दिवसांनी बघते तर काका त्याच कपातून फुर्र करून चहा पिताहेत. काकी हळूच म्हणाल्या, "अवं, त्यो बाईंचा हाय." काका म्हणाले, "आसंल. लांडगेमानसाला कपबशी वळकू येत न्हाई." प्याले, विसळला आणि फळीवर बाकीच्या कपांत सारून दिला. सगळे कप एकाच बाजारातले. दुसऱ्या दिवशी काकींनाही कळेना आपला कुठला आणि माझा कुठला, आणि तिसऱ्या दिवशी त्यांनी शोधायचं सोडलं.

रविवारी मी माझ्या स्टोव्हवर सुकटीची चटणी करायची. वास सुटला की काका दारात हजर. भिंतीला पाठ लावून बसायचे, कारण लांडगेमाणूस पाठ उघडी टाकून जेवत नाही, आणि माझ्या हातच्या दोन भाकऱ्या खायचे. कुणी अंगणातून गेलं तर मोठ्यांदा सांगायचे, "लांडग्याला सुकट दिसली की ऱ्हावत न्हाई बगा." जाणारा हसायचा आणि पुढं जायचा. त्यांची मुलगी सुमन हळूहळू माझ्याकडंच जेवायला लागली, माझ्याच पुस्तकांवर सातवी पास झाली. पण तिची गोष्ट निराळी, ती पोर होती. तिला लांडग्याची गरज लागली नाही.

मला सुरुवातीला या सगळ्याचं कौतुक वाटलं. खोटं कशाला बोलू? मग मात्र ते खुपायला लागलं. या माणसाला सगळं कळतं, मग सरळ का बोलत नाही? एका रविवारी मी विचारलंच, "काका, लांडग्याला माझ्या हातचं चालतं हे कळलं मला. माणसाला चालतं का?"

त्यांचा घास हातातच राहिला. मग "बैल सोडायचं ऱ्हायल्यात" म्हणून उठून गेले. बैल मघाशीच सोडलेले होते. त्यानंतर महिनाभर मी तो विषय काढला नाही, पण माझ्या मनातून तो जाईना. लांडग्याच्या कृपेनं मिळालेली जागा माझी कशी म्हणायची?

सुमनचं लग्न ठरलं ते उरवड्याच्या बाजूला, चांगल्या शेतकऱ्याच्या घरात. वैशाखातली तिथी धरली. लग्नाच्या आदल्या दिवशी काकांचे थोरले चुलतभाऊ आले. सगळी भावकी त्यांना आबा म्हणायची आणि त्यांच्या शब्दाबाहेर कुणी जायचं नाही. मी माझ्या खोलीत होते, मधली भिंत कुडाची, सगळं ऐकू येत होतं.

"मास्तरीनबाईंचं ताट घरी पाटवून देऊ," आबा म्हणाले. "पंगतीत नगं. पाव्हनं बगत्यात."

"आबा, लांडगेमानसांत पंगत..." काकांनी सुरू केलं.

"तुजं लांडगं तुज्या घरात," आबांनी तोडलं. आवाज चढवला नाही, उलट समजुतीनं बोलले. "मांडवात आमी मानसं हाओत. भावकी उठली तर पोरीच्या लग्नाचं काय हुईल त्ये बग."

मी वाट बघत होते, आता काही बोलतील, आता बोलतील. एक शब्द नाही. मला त्या वेळी त्यांचा इतका राग आला की मी पिशवी भरायला घेतली. सकाळच्या गाडीनं पुण्याला जाते, आईकडं, करा म्हणावं तुमची लग्नं. तेवढ्यात सुमन आत आली, हाताला ओली हळद, आणि माझी पिशवी बघून दारातच उभी राहिली. "बाई, तुमी गेलात तर मला कोन हाय वो तिकडं?" असं म्हणून रडायला लागली. तिकडं म्हणजे मांडवात.

मी पिशवी रिकामी केली. काकांना बाहेर जाऊन सांगितलं, "मी पंगतीत बसणार. जिथं जागा असेल तिथं. ज्याला मला उठवायचं असेल त्यानं माझ्या तोंडावर सांगावं. ताट घरी पाठवलंत तर मी ते गुरांना घालीन."

काकांनी मान हलवली. हो म्हणून का नाही म्हणून, ते कळलं नाही.

अक्षता पडल्या. भर दुपारी पंगत बसली, मांडवात एका बाजूला पुरुषांच्या ओळी, एका बाजूला बायकांच्या. मी बायकांच्या ओळीत कडेला बसले. पत्रावळ मांडली. द्रोण लावला. मीठ वाढणारा आला आणि मला ओलांडून गेला. मग भात आला, भाजी आली, बुंदी आली. वाढपी सगळे भावकीतले तरणे पोरगे, दोघे तर माझ्याच शाळेत शिकलेले. एकेक जण माझ्यापाशी आला की मान खाली घालून पुढच्या पानावर जायचा. शेजारच्या बाईचं पान गच्च भरलेलं आणि माझी पत्रावळ कोरडी. हळूहळू सगळ्यांच्या ध्यानात आलं. बोलणं थांबत गेलं. माझे कान तापले होते, पण मी उठले नाही. उठणार नव्हते, अगदी मांडव सोडेपर्यंत.

काका हात जोडून पाहुण्यांना "सावकाश व्हऊ द्या" म्हणत फिरत होते. ते माझ्यापाशी येऊन थांबले. पानाकडं बघितलं.

आबांनी लांबूनच हाक मारली, हसत, गोडीत. त्यांनाही तमाशा नको होता. "अवं, व्याह्यांनो, ह्येचं लांडगेमानसाचं येड ठावं हाय नव्हं तुमाला? लांडग्याच्या पंगतीला सगळंच चालतं! वाढा रं बाईस्नी तिकडं, मागल्या बाजूला, आन् ह्या लांडग्याला बी वाढा!"

सगळा मांडव हसला. नवऱ्या मुलाचे वडीलही हसले. वाट किती सोपी करून दिली होती! काकांनी एक लांडग्याची गंमत सांगायची, मी मागं जाऊन बसायचं, पोटभर जेवायचं, सगळ्यांची अब्रू शाबूत. काकांनी तोंड उघडलं. मी त्यांच्याकडं बघत होते. खरं सांगते, त्या क्षणी त्यांनी लांडग्याचं नाव काढलं असतं तर मी जन्मात त्यांचं तोंड पाहिलं नसतं.

"म्या लांडगा न्हाई," काका म्हणाले.

आवाज बारीक होता. कुणाला नीट ऐकू गेलं नाही. मग ते पुन्हा म्हणाले, मोठ्यानं.

"आबा, म्या लांडगा बिंडगा कायबी न्हाई. मानूस हाय. बाईंच्या हातची भाकर खातोय म्या चार वर्सं, चांगला सुद्दीत खातोय. माजी पोर बी खाती. बाटायचं आसंल तर आमी कवाच बाटलोय. बाई हितंच जेवतील. ज्यास्नी उटायचं त्यास्नी उटू द्या."

त्यांनी वाढप्याच्या हातातली भाताची बादली ओढून घेतली आणि माझ्या पानावर भात वाढला, इतका की द्रोण लवंडला. मग वरण. मग मीठ विसरलं म्हणून परत गेले आणि मीठ आणलं.

आबा उठले. त्यांच्यामागं ओळच्या ओळ उठली, भरली पानं सोडून. माझ्या शेजारची बाई उठली, मग तिच्या पलीकडची. काकी मुदपाकातून पदर तोंडाला लावून बघत होत्या. सुमन नवऱ्याशेजारी बसली होती, तिचा चेहरा पांढराफटक. आता सगळं व्याह्यांवर होतं. ते उठले की वऱ्हाड उठणार, आणि वऱ्हाड उपाशी उठलं की पोरीनं त्या घरात कुठल्या तोंडानं पाऊल टाकायचं? व्याही म्हणजे पैलवानी अंगाचा, कमी बोलणारा माणूस. त्यांनी उठणाऱ्यांकडं बघितलं, काकांकडं बघितलं, मग आपल्या पानाकडं बघितलं.

"आमटी आना हिकडं," ते म्हणाले, "भात कोरडा हाय."

लग्न पार पडलं. पण भावकीनं ते विसरायचं कारण नव्हतं. इतकी वर्षं काकांना सगळं माफ होतं ते लांडगा म्हणून. आता त्यांनीच भर मांडवात सांगितलेलं की मी शुद्धीवरचा माणूस आहे, मग माफी कशाची? मुळशीत भाताची आवणी एकट्या घराच्या हातून कधीच होत नाही. इर्जिक घालतात, आज सगळ्या भावकीनं मिळून तुझं खाचर लावायचं, उद्या माझं. त्या वर्षी काकांच्या खाचरात कुणी आलं नाही. रोपं वाढून पिवळी पडायला लागली. चिखल तयार, पाणी भरलेलं आणि बांधावर हे दोघं नवरा-बायको. त्याहून वाईट म्हणजे काका लांडग्यांबद्दल अवाक्षर काढत नव्हते. पोरं विचारायची, "काका, वास सांगा की." तर म्हणायचे, "सर्दी झालीया." मला घरात करमेनासं झालं. जे मी मागितलं होतं ते मिळालं होतं, आणि त्याचा आनंद होता, खरंच होता; पण संध्याकाळी पडवीत बसलं की डोंगरातलं ते लांडगेमाणसांचं गाव उठून गेल्यासारखं वाटायचं.

रविवारी मी साडीचा काष्टा मारला आणि खाचरात उतरले. पुण्याच्या चाळीत वाढलेली मी, मला काय येतंय? चार रोपं लावली की दोन वर तरंगायची. काकी माझ्यामागून परत लावत यायच्या, म्हणजे मदत नव्हे, दुप्पट काम. तरी त्यांनी मला बाहेर हो म्हटलं नाही. दुपारपर्यंत एक वाफासुद्धा पुरा झाला नाही. पाऊस धरलेला. कंबर मोडली होती, आणि अजून सगळं रान पडलं होतं.

पायवाटेवरून माणसं येताना दिसली. पुढं सुमन, मागं तिचा नवरा, दीर, दोन जावा आणि सगळ्यात शेवटी इरलं पांघरलेले व्याही. कुणी निरोप धाडला नव्हता. सुमननंच घरी सांगितलं असणार. व्याह्यांनी काकांना रामराम केला, धोतर वर खोचलं आणि खाचरात उतरले. सात-आठ माणसं एका रांगेत वाकली की काम कसं सरसर पुढं जातं ते त्या दिवशी मी बघितलं.

दुपार कलल्यावर सगळे बांधावरच्या खोपीत जेवायला बसले. भाकऱ्या मीच मधे घरी जाऊन करून आणल्या होत्या, ते मी आधीच सांगून टाकलं. नंतर कुणी कुरकुर करायला नको. सुमनच्या जावा एकमेकींकडं बघायला लागल्या. व्याह्यांनी चिखलाचे हात खाचरातल्या पाण्यात धुतले आणि माझ्यापुढं धरले.

"बाई, द्या एक. ठेचा हाय का?"

मी भाकरी दिली. त्यांनी ती दुमडली, ठेचा लावला आणि खायला लागले. मग जावांनीही घेतली. काका सगळ्यांच्या मागं, खोपीच्या कुडाला पाठ लावून बसले होते. त्यांच्या हातात भाकरी होती पण ते खात नव्हते. खाली मान घालून नाक पुसत होते. पावसाचं पाणी असेल म्हणून मी तिकडं बघितलं नाही.

व्याह्यांची दुसरी भाकरी संपत आली. त्यांनी मिशी पुसली आणि मागं वळून म्हणाले, "व्याही, त्ये लांडगेमानसांचं काय म्हनत हुता तुमी? आमच्या गावातली पोरं इचारत्यात. सूनबाई सांगती, पर तिला समदं येत न्हाई. सांगा की."

काकांनी वर बघितलं. सगळे त्यांच्याकडं बघत होते, हसत नव्हते, नुसते ऐकायला थांबले होते.

"काय सांगू?" काका म्हणाले.

"त्यांच्यात भाताची आवनी आसती का?"

"आसती तर!" काका सरसावून बसले आणि हातातल्या भाकरीचा पहिला घास तोडला. "पर त्ये चार पायांनी लावत्यात, व्याही. निम्म्या दिसात काम खलास. फकस्त येक हाय, म्होरल्याचं शेपूट मागल्याच्या नाकात जातंय, म्हनून रांगंत भांडनं लई."

व्याह्यांना हसता हसता ठसका लागला. सुमननं त्यांना पाणी दिलं, आणि तिच्या नवऱ्यानं विचारलं, "मग त्यांच्यात इर्जिकीला कुनी आलं न्हाई तर?"

"येत्यात," काका म्हणाले, "उशिरा येत्यात, पर येत्यात."